खुंटीला बांधलेला घरभेद्या

तोडून चार दिवस पडलेला ऊस गुऱ्हाळावर आला, की आमच्या कोल्हापूरच्या गुळव्याच्या कपाळाला आठी पडते. अशा उसाच्या गुळाचा रवा धड धरत नाही. उसातच एक घरभेद्या राहतो, इन्व्हर्टेज. तो साखर फोडून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतो. शास्त्रज्ञ अशा द्रव्यांना 'विकर' म्हणतात. माझे विद्यार्थी 'विकार' वाचतात, आणि उसापुरते मला ते पटतेही!

पण हाच घरभेद्या खुंटीला बांधला तर? १९१६ साली अमेरिकेत नेल्सन आणि ग्रिफिन यांनी इन्व्हर्टेज कोळशावर चिकटविले. तरी ते साखर फोडीतच राहिले. एरवी पाकात मिसळलेले विकर एका खेपेत वाया जाते. बांधलेले पुन्हा पुन्हा राबते. १९६९ साली जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीने अशाच एका बांधलेल्या विकरावर ॲमिनो आम्लांचे उत्पादन सुरू केले.

विकर सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यावरही बसविता येते. इकडून साखरपाणी सोडावे, तिकडून तयार पाक घ्यावा; गडी जागच्या जागी. साखर फोडायला आम्ल ओतणे नको, मागाहून ते मारणे नको. मात्र गढूळ रसाने छिद्रे बुजतात, विकरही हळूहळू थकते. तेव्हा रस आधी निवळ हवा. गुळव्या भेंडीच्या चिकाने मळी काढतो, ते काम इथेही पहिले.