ब्रॉन्क्सचा ठेका, उपनगरांचे शब्द

वर्सोव्याहून सुटलेली मेट्रो अंधेरी स्टेशन ओलांडून पूर्वेकडे निघते. मग चकाला, मरोळ नाका, साकी नाका, असल्फा करत घाटकोपरला थांबते. मुंबईची ही पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली आणि तिची लांबी साडेअकरा किलोमीटरही भरत नाही. चकाला स्थानकाच्या नावाला जे. बी. नगर जोडलेलं आहे. त्याच जे. बी. नगरच्या गल्ल्यांत विवियन फर्नांडिस नावाचा मुलगा वाढला आणि ‘डिव्हाइन’ या नावाने देशभर पोचला. मेट्रोच्या दुसऱ्या टोकाला, घाटकोपरच्या चिराग नगरात, अण्णाभाऊ साठे अनेक वर्षं एका झोपडीत राहिले, लिहिते राहिले. रॅपर आणि लोकशाहीर यांची गाठ कधी पडली नाही. पहिला जन्मला तेव्हा दुसऱ्याला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. तरी मला ही दोन्ही एकाच घराण्याची माणसं वाटतात. ते का, हे सांगायचं तर आधी न्यूयॉर्कला जावं लागेल.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तर भागात ब्रॉन्क्स आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत रॉबर्ट मोझेस या बलाढ्य नगररचनाकाराने वस्त्यांच्या पोटातून क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे नेला आणि हजारो कुटुंबांची घरं गेली. ज्यांना जमलं ते गोरे रहिवासी बाहेर पडले. मागे राहिले ते बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले गरीब लोक. भाडं परवडेना, इमारतींची किंमत घसरली, तेव्हा काही घरमालकांनी विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच इमारतींना आगी लावायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात ब्रॉन्क्स जळत होतं, ते असं.

अशा वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ च्या संध्याकाळी १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत एक छोटी पार्टी झाली. सिंडी कॅम्पबेल या शाळकरी मुलीला शाळा उघडण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे उभे करायला तिने पार्टी ठेवली. हाताने लिहिलेली आमंत्रणं वाटली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास सेंट. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. तो अठरा वर्षांचा, जमैकातून आलेला, आणि मित्रांमध्ये ‘कूल हर्क’ म्हणून ओळखला जाणारा. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात मधे काही सेकंद गायक थांबतो, बाकी वाद्यं गप्प होतात आणि फक्त ताल उरतो. नाचणारी मुलं नेमकी त्या तुकड्याची वाट पाहत असतात. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावल्या. एकीवरचा तालाचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. काही सेकंदांचा ताल अशा रीतीने कितीही वेळ चालू लागला. त्या तालावर माइक घेऊन मित्रांची नावं पुकारणारा, दोन ओळी फेकणारा गडी उभा राहिला. जगभर हिप-हॉप म्हणून जी संस्कृती पसरली, तिची जन्मतारीख म्हणून आज हीच संध्याकाळ धरतात.

पुढची काही वर्षं हे सगळं गल्लीपुरतंच होतं. उन्हाळ्यात रस्ता अडवून मोहल्ल्याची पार्टी व्हायची आणि विजेच्या खांबातून तार ओढून स्पीकर चालायचे. तालावर चारी बाजूंनी कोंडाळं करून मुलं जमिनीवर गिरक्या घ्यायची. त्याला ब्रेकिंग म्हणतात. भिंतींवर आणि आगगाडीच्या डब्यांवर ग्राफिटी. वाद्य विकत घ्यायला पैसा नाही, शिकवायला कुणी नाही, म्हणून वाजलेल्या गाण्याचंच वाद्य केलं. मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. ज्यांच्या वस्तीबद्दल बाहेरचे फक्त गुन्ह्यांच्या बातम्या वाचत होते, त्यांनी आपल्या वस्तीचं वर्णन स्वतः करायला घेतलं. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचं ‘द मेसेज’ आलं आणि फुटलेल्या काचांची, उंदरांची, थकलेल्या हप्त्यांची ती गल्ली साऱ्या अमेरिकेने ऐकली.

आता महाराष्ट्राकडे येऊ. त्या पार्टीच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या तिथल्या लोकांना. पुण्यात बसून लिहिणाऱ्या माणसाला मिसिसिपीच्या कापूसशेतातल्या माणसाचं दुःख आपलं वाटलं होतं. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम आहे, आणि दक्षिणेतून येणाऱ्या कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती तिथे उभी राहत होती, ती याच वर्षांत. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे ज्येष्ठ विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डुबॉइस यांनी ३१ जुलै १९४६ ला उत्तर पाठवलं. आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने संघटना उभारली तेव्हा ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाकडे पाहून तिचं नाव ठेवलं: दलित पँथर. त्याच वर्षी ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. म्हणजे ब्रॉन्क्समध्ये हिप-हॉप जन्मत होतं त्याच सुमारास मुंबईच्या गल्लीची भाषा मराठी कवितेत घुसत होती. दोघांना एकमेकांची खबर नव्हती.

आफ्रिकी वंशाची माणसंही मुंबईला नवी नाहीत, हे इथेच सांगायला हवं. जंजिऱ्याचे सिद्दी आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. याकूत खान सिद्दीने १६८९ मध्ये मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं होतं. एकोणिसाव्या शतकात गोदीत आणि आगबोटींच्या बॉयलरसमोर राबणारे सिद्दी डोंगरी भागात राहत. त्यांच्या नाचगाण्याचं वर्णन पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांनी १९१२ च्या आपल्या मुंबईवरच्या पुस्तकात केलं आहे. बाबा गोर या संताच्या नावाने होणारी सिद्दींची धमाल, त्यातला ढोलांचा जोर, हा आफ्रिकेचा ताल या शहराने हिप-हॉपच्या कितीतरी आधी ऐकलेला आहे.

उपनगरांचा स्वतःचा वारसाही होताच. अण्णाभाऊ वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. गिरणीत राबले, पडेल ते काम केलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखोंच्या तोंडी होती. ‘मुंबईची लावणी’त त्यांनी शहराचे दोन भाग, माडीवाल्यांचा आणि खोलीवाल्यांचा, समोरासमोर उभे केले. कलापथकाला लागायचं काय? डफ, तुणतुणं, एक खणखणीत गळा आणि चाळीचं पटांगण. चाल लोकांच्या ओळखीची, शब्द मात्र आजचे. भीमगीतांनी हेच केलं. सिनेमातल्या किंवा लोकगीताच्या चालीवर नवा मजकूर चढवून वामनदादा कर्डकांपासून शेकडो गायकांनी बाबासाहेब वस्तीवस्तीत पोचवले. वाजलेल्या गाण्यातून नवं गाणं काढायची ब्रॉन्क्सची युक्ती आमच्या गायनपार्ट्यांना मुळातच ठाऊक होती.

सवाल-जवाबाचंही तसंच. कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या आजही मुंबईच्या नाट्यगृहांत लागतात. समोरच्या शाहिराने टाकलेलं कोडं तिथल्या तिथे यमकात परतवायचं असतं आणि प्रेक्षक त्याचा न्याय करतात. रॅपच्या लढतीत दोन मुलं एकमेकांसमोर उभी राहून नेमकं हेच करतात.

या परंपरेने किंमतही मोजली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, पूर्व द्रुतगती महामार्गालगत, पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली. मुलुंडला राहणाऱ्या विलास घोगरे या शाहिराने काही दिवसांतच आपलं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ची सुरुवात त्याच्यापासून होते. तो माहितीपट चौदा वर्षं चित्रित होत राहिला. मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा पाहावा, असं मी आग्रहाने सांगेन.

अशा जमिनीवर रॅप येऊन पडलं. सुरुवातीची मुलं अमेरिकन गायकांची नक्कल करत इंग्रजीत गायची. तो टप्पा संपला तेव्हा खरी गोष्ट सुरू झाली. २०१३ मध्ये डिव्हाइनचं ‘ये मेरा बॉम्बे’ आलं. २०१४ च्या सुरुवातीला कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, ‘आफत’ आयपॅडवर तयार केलं. स्टुडिओ नव्हता म्हणून काही अडलं नाही. २०१५ मध्ये दोघांचं ‘मेरे गली में’ आलं. १४ फेब्रुवारी २०१९ ला झोया अख्तरचा ‘गली बॉय’ पडद्यावर आला, तो या दोघांच्या आयुष्यांवरून प्रेरणा घेऊन. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढलेला नामांकित रॅपर नास त्या चित्रपटाशी कार्यकारी निर्माता म्हणून जोडला गेला आणि ‘न्यूयॉर्क से मुंबई’ या गाण्यात तो या दोघांबरोबर उतरला. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला गायक आणि अंधेरी-कुर्ल्याची मुलं एकाच ध्वनिमुद्रणात आली.

नाचातही तेच. नालासोपारा-वसईच्या मुलांचा ‘किंग्ज युनायटेड’ हा संघ २०१५ मध्ये जागतिक हिप-हॉप नृत्य स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला आणि २०१९ मध्ये अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकला.

मला स्वतःला सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘स्वदेशी’ या गटाचं काम. त्यातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. एमसी तोडफोड गुजरातीत आणि हिंदीत करायचा. तोडफोड मार्च २०२२ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. २०१९ मध्ये या गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. आरे वसाहतीतल्या केलटीपाड्यावर राहणारे वारली कलावंत आणि कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे. गोरेगाव आणि बोरिवलीच्या आसपासच्या पाड्यांवरचे वारली हे या उपनगरांच्या सर्वांत जुन्या रहिवाशांपैकी. शहर त्यांच्या भोवती वाढलं. त्यांची जमीन, जंगल, बिबट्या, त्यांचा तारपा आणि वरून येणारं काँक्रीट हा त्या गाण्याचा ऐवज. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात तोडली गेली. उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबरला याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवेची आठवण मला इथे येते. वाहतूक शहराला हवीच असते, आणि ती नेहमी ज्यांचा आवाज कमी त्यांच्याच दारावरून नेली जाते. फरक इतकाच की या वेळी गाणं झाडं पडण्याआधीच तयार होतं.

रॅपमध्ये सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. बायकांबद्दलची हलकी भाषा, गाड्या आणि सोन्याच्या साखळ्यांची मिरवणूक, खोटी मर्दानगी हे सगळं अमेरिकेतून आलं आणि इथल्या बाजाराने ते हौसेने उचललं. टीव्हीवरच्या स्पर्धांनी पोरांना नाव दिलं, पण गल्लीचं दुःख तीन मिनिटांच्या चमकदार तुकड्यात बसवायची सवयही लावली. मुलींना या कोंडाळ्यात अजून फार कमी जागा मिळते. तरी यातलं अस्सल कुठे आहे ते कान देऊन ऐकणाऱ्याला लगेच कळतं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेड आरबीएच’ या नावाने आपल्या मातीच्या बोलीत रॅप करतो, आणि त्यातली ओळ न् ओळ ऐकताना शाहिरीच्या मुशीतला माणूस समोर उभा राहतो.

अमेरिकेने या कलेला मान द्यायला वेळ घेतला, पण दिला. केंड्रिक लामारच्या ‘डॅम’ या अल्बमला २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर तो मान पहिल्यांदाच गेला. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगचा समावेश झाला. आपल्याकडे लोकशाहिराला हयातीत काय मिळालं ते सर्वांना ठाऊक आहे. ‘फकिरा’ लिहिणारे अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गोरेगावच्या सिद्धार्थ नगरात हलाखीत गेले. डोक्यावर घेणं नंतर आलं.

चिराग नगरात त्यांचं स्मारक करण्याची घोषणा सरकारने केलेली आहे. पुतळा होईल, दालन होईल. माझी मागणी साधी आहे. त्या स्मारकात एक खुला रंगमंच असावा आणि त्याशेजारी ध्वनिमुद्रणाची एक छोटी खोली असावी. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला आपलं गाणं तिथे फुकट मुद्रित करता यावं. साहित्य संमेलनाने कविसंमेलनाच्या मांडवात मराठी रॅपला जागा द्यावी, वेगळ्या ‘युवा’ कोपऱ्यात नव्हे. आणि वाचकहो, बागेत किंवा स्टेशनाबाहेर पोरांचं कोंडाळं दिसलं, एक जण तोंडाने ताल धरतोय आणि दुसरा बोलतोय असं दिसलं, तर पाच मिनिटं थांबा. ते तुमच्याच वस्तीबद्दल बोलत असतील.