टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा : मत कुणाचं मोजलं जातं?



आपल्या दिंद्रुडसारख्या गावात एखादी पोरगी भजनात नाही तर शाळेच्या गॅदरिंगमध्ये चांगली गायली, की लोक लगेच म्हणतात, "हिला टीव्हीवर पाठवा." मग बचत गटाच्या बैठकीत दोन प्रश्न येतात. पोरीला पाठवायचं का? आणि ती पुढं गेलीच, तर तिला मतं मिळावीत म्हणून गटानं पैसे काढायचे का? आज आम्ही याच दोन प्रश्नांवर बोलणार आहोत. त्यासाठी अशा स्पर्धा चालतात कशा, हे आधी समजून घेऊ.

टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा तशा जुन्या आहेत. १९९५-९६ च्या सुमारास दूरदर्शनवर 'मेरी आवाज सुनो' लागायचं. ते सुनिधी चौहाननं जिंकलं. झी टीव्हीच्या 'सा रे ग म'मधून श्रेया घोषाल पुढं आली. त्या काळात निकाल जाणकार परीक्षक द्यायचे. सूर, ताल, शब्दांचे उच्चार ऐकून गुण पडायचे.

२००४ साली मोठा बदल झाला. ब्रिटनमध्ये २००१ साली 'पॉप आयडॉल' नावाची स्पर्धा निघाली होती. तोच साचा ऑक्टोबर २००४ मध्ये सोनी वाहिनीनं 'इंडियन आयडॉल' म्हणून आपल्याकडं आणला. अनू मलिक, सोनू निगम आणि फराह खान परीक्षक होते. सुरुवातीची निवड ते करायचे. शेवटच्या फेऱ्यांत मात्र ते फक्त मत सांगायचे आणि कोण राहणार, कोण घरी जाणार हे प्रेक्षकांच्या फोनवर आणि एसएमएसवर ठरायचं. ५ मार्च २००५ ला मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला. मराठी पोरगा देशात पहिला आला म्हणून महाराष्ट्रात मोठं कौतुक झालं, आणि तो गायलाही होता मनापासून. अमित साना दुसरा आला, राहुल वैद्य तिसरा. चौथी आली प्राजक्ता शुक्रे. म्हणजे पहिले तिन्ही मुलगेच.

आता बायांनो, त्या वेळचं आपलं गाव आठवा. सोनी वाहिनी दिसायला केबल लागायची. नुसत्या अँटेनावर दूरदर्शनच यायचं. भारनियमन असं, की ऐन कार्यक्रमाच्या वेळी लाईट गुल. मत द्यायची मुदत थोडीच असायची. मोबाईल गावात मोजक्यांकडं, तोही बहुतेक घरात गड्याच्या खिशात. त्यात मताचा एसएमएस साध्या एसएमएसपेक्षा महाग. स्पर्धा देशाची म्हणायची, पण ज्या बाईकडं केबल नाही, लाईट नाही, फोन नाही, तिचं मत मोजलंच गेलं नाही.

दुसरी गोष्ट. निवडणुकीत एका माणसाला एकच मत असतं. इथं एकाच फोनवरून कितीतरी मतं देता यायची. तिसऱ्या पर्वात, २००७ साली, दार्जिलिंगकडचा प्रशांत तमांग जिंकला. तिकडच्या डोंगरातल्या लोकांनी आपल्या माणसासाठी वर्गणी काढून मतं पाठवली होती. त्यांची माया खरी होती, पण वर्गणीतून आलेल्या मतांवरून गाण्याची पारख होत नाही. आणि मतासाठी गेलेला पैसा काही गायकाच्या हातात पडत नव्हता. तो फोन कंपनी आणि कार्यक्रमवाल्यांकडं जायचा.

या स्पर्धेत पहिल्यांदा मुलगी जिंकली ती चौथ्या पर्वात, २००९ साली. त्रिपुराची सौरभी देबबर्मा. त्याआधीच्या मुली कमी गात होत्या, असं कोण म्हणेल?

आता गटातल्या प्रश्नांकडं येऊ. पोरीला जायचं असेल तर जरूर पाठवा. आपल्या शेजारच्या लातूरचा रोहित राऊत 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'मधून पुढं आला आणि पुढं 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वातही शेवटपर्यंत पोहोचला. पण काही गोष्टी गाठीला बांधा.

पहिली, बचतीचा पैसा मतांवर घालू नका. तोच पैसा पेटी घ्यायला किंवा गाणं शिकवणाऱ्या गुरुजींच्या फीला लावा. शिकलेलं गाणं तिच्याजवळ राहील.

दुसरी, "ऑडिशनला नंबर लावून देतो, एवढे पैसे भरा," असं कुणी म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका. ऑडिशनची माहिती थेट त्या वाहिनीवर बघून खात्री करा. फोनवरून पैसे उकळले गेलेच, तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा.

तिसरी, कराराच्या कागदावर न वाचता सही किंवा अंगठा करू नका. बाईला सरकारी विधी सेवेकडून वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात चौकशी करा. पोर चौदा वर्षांच्या आतली असेल, तर तिच्याकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि तिच्या कमाईतला किमान २० टक्के भाग बँकेत तिच्याच नावावर ठेवावा लागतो. हा नियम आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

आणि शेवटची. पोरगी हरून आली तर तिला "गळा कमी पडला" म्हणू नका. तिथं फोन मोजले जातात, हे तिला समजावून सांगा. सूर कुठं हलला, ताल कुठं सुटला, ते तिच्या गुरुजींना विचारा. पुढच्या एकादशीच्या भजनात तिला पुढं बसवा, आणि तिच्या गाण्याला टाळ धरा.