छोटे इंजिन, खरी वाफ

वाफेच्या छोट्या इंजिनाचा छंद म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोल रुळांवर धावणारी खेळण्यातली आगगाडी येते. या छंदाविषयीच्या जवळपास सगळ्या गैरसमजांचे मूळ तिथेच आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. त्यातल्या गाड्या पाहण्यासारख्या आहेत, पण त्या प्रामुख्याने विजेवर चालतात. इंजिनाचा आकार वाफेचा आणि पोटात मोटर. इथे ज्या इंजिनाविषयी बोलायचे आहे त्याच्या पोटात बॉयलर असतो. त्यात पाणी उकळते, वाफेचा दाब चढतो, ती वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते आणि दट्ट्या चाक फिरवतो. बोटाएवढा सिलिंडर असला तरी हे यंत्र वाफेवर धावणाऱ्या जुन्या रेल्वे इंजिनांच्याच जातीचे असते.

‘मोठे इंजिन आटवले की छोटे झाले’ हा दुसरा समज याहून खोल रुतलेला आहे. आकार आटवता येतो, निसर्गाचे नियम आटवता येत नाहीत. प्रत्येक माप अकरा पटींनी कमी केले, तर पृष्ठभाग १२१ पटींनी कमी होतो आणि आतली जागा १,३३१ पटींनी. म्हणजे मावणाऱ्या वाफेच्या मानाने थंड होणारा पत्रा अकरा पट जास्त उरतो. म्हणूनच हुबेहूब नक्कल केलेले इंजिन वाफेअभावी धापा टाकते आणि जाणता कारागीर बॉयलरच्या नळ्या व झडपा स्वतंत्रपणे आखतो. या अडचणीनेच इतिहास घडवला आहे. १७६३-६४ मध्ये ग्लासगो विद्यापीठातले न्यूकोमेनच्या इंजिनाचे छोटे मॉडेल जेम्स वॅटकडे दुरुस्तीला आले. ते काही फेरे मारून थांबे, कारण बहुतेक वाफ दरवेळी गार झालेला सिलिंडर पुन्हा तापवण्यातच खर्ची पडत होती. मोठ्या इंजिनात तोच दोष होता, पण तो खपून जात असे. छोट्याने तो उघड केला. त्या विचारातून वाफ सिलिंडरबाहेर गार करणाऱ्या वेगळ्या कंडेन्सरची कल्पना आली आणि १७६९ मध्ये तिचे पेटंट मिळाले. किटलीचे झाकण उडताना पाहून वॅटला वाफेचे इंजिन सुचले, ही शाळेत ऐकलेली गोष्ट सोडून द्यावी. न्यूकोमेनचे इंजिन १७१२ पासून खाणींतले पाणी उपसत होते. वॅटला शिकवले ते एका मॉडेलने.

तिसरा गैरसमज भीतीचा आहे: घरात बॉयलर म्हणजे बॉम्ब. यावर महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात उत्तर आहे. आपला कुकर साधारण एक बार दाबावर चालतो. त्याची शिटी हा वजनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि पाणी संपून भांडे तापले तर वितळणारा लहान व्हॉल्व्ह ही दुसरी राखण. छोट्या इंजिनात रचना याच तत्त्वाची असते. टेबलावरच्या साध्या इंजिनात दाब कुकरइतकाच असतो. ४५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवरच्या इंजिनात तो तीन-चार बारपर्यंत जातो, पण त्यातले पाणी कुकरच्या मानाने फारच थोडे, अनेकदा कपभर. फुटताना होणारा विध्वंस दाबावर जसा ठरतो तसा साठलेल्या गरम पाण्याच्या प्रमाणावरही ठरतो. यावर कोणी म्हणेल की कुकर कारखान्यात तपासून येतो, घरी जोडलेला बॉयलर कोण तपासणार? हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर धीर देण्यात नसून तपासणीच्या शिस्तीत आहे.

ती शिस्त अशी. नवा बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, सगळी हवा काढून, चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबावर तपासतात. हवा भरून तपासणे सोपे वाटते, पण ते घातक आहे. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर थेंब गळतात. दाबलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी शक्ती साठवते आणि पत्र्याचे तुकडे उडवते. सांध्यांतही हीच काळजी हवी. चार बार दाबाच्या वाफेचे तापमान १५२ अंश सेल्सिअस असते आणि साधे सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळते. एवढ्या थोड्या अंतरावर जीव टांगू नये. दाब धरणारा प्रत्येक सांधा ६०० अंशांच्या वर वितळणाऱ्या चांदीमिश्रित धातूनेच जोडावा. पितळाच्या जोडण्या गरम पाण्यात हळूहळू जस्त गमावून ठिसूळ होतात, म्हणून बॉयलरवर गनमेटल किंवा ब्राँझ वापरतात. मुंबईच्या दारूखाना भागात भंगारात तांब्याची सुरेख नळी मिळेल, पण तिची जाडी आणि धातूची प्रत कळत नसेल तर ती बॉयलरसाठी घेऊ नये. बाकी भागांसाठी जरूर घ्यावी.

कायद्याविषयी दोन उलटसुलट समज ऐकू येतात. एक, की सरकारी परवान्याशिवाय असे इंजिन पेटवता येत नाही. भारतातल्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे पात्र येतच नाही, त्यामुळे टेबलावरची इंजिने त्या कायद्याबाहेर राहतात. दुसरा समज असा, की कायदा लागू नाही म्हणजे तपासणीही नको. हा पहिल्यापेक्षा वाईट. निरीक्षक येणार नसेल तर ती जबाबदारी पूर्णपणे चालवणाऱ्याची होते.

काही गोष्टी थोडक्यात सांगता येतील. धुराड्यातून निघणारा पांढरा ढग म्हणजे वाफ नव्हे, ते गार झालेले पाण्याचे बारीक थेंब असतात. खरी वाफ दिसत नाही. भाजते ती तोटी आणि ढग यांच्यामधल्या मोकळ्या वाटणाऱ्या जागेत. स्पिरिटची ज्योतही भर उन्हात दिसत नाही. ब्यूटेन गॅसवर चालणाऱ्या इंजिनाच्या परदेशी सूचना थंड हवेसाठी लिहिलेल्या असतात. ३५ अंशांच्या मुंबईत गॅसच्या टाकीतला दाब २० अंशांवरच्या दाबाच्या दुपटीच्या आसपास असतो, म्हणून टाकी सावलीत भरावी, आणि घरच्या सिलिंडरमधून तर कधीच नाही. पाणी बोअरवेलचे नको, त्याने क्षार धरतात. तलावांतून येणारे पालिकेचे पाणी त्या मानाने मऊ असते, पण डिस्टिल्ड पाणी अधिक बरे.

उरतो तो सगळ्यात चिवट समज, की हा विलायती श्रीमंतांचा छंद, आपला याच्याशी संबंध काय? याचे उत्तर मुंबईच्या माझगावात आहे. जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यातल्या अर्देशीर कर्सेटजींनी, १८०८ साली जन्मलेल्या या पारशी तरुणाने, एका अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन स्वतः घडवले. माझगावच्या राहत्या घरी त्यांनी ओतशाळा थाटली आणि १८३४ मध्ये बंगला व बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. साठ टनांच्या जहाजावर वाफेचे इंजिन बसवण्याचे कामही त्यांनी केले. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली १८५३ मध्ये. म्हणजे मुंबईला रेल्वे मिळण्याच्या कितीतरी आधी माझगावात एक माणूस स्वतःच्या हाताने वाफ कामाला लावत होता. २७ मे १८४१ रोजी ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिलेच भारतीय. मुंबईच्या मुलांना आगगाडीचा स्टीफन्सन माहीत असतो आणि अर्देशीर माहीत नसतात, याचे खरोखर वाईट वाटते. ते सधन घरचे होते, हा आक्षेप खरा आहे. पण न्यूकोमेन लोखंडी सामान विकणारा होता आणि वॅट उपकरणे दुरुस्त करून पोट भरत होता. पैशाने सोय होते, हात पैशाने तयार होत नाही.

आणि वाफेचा काळ संपला म्हणणाऱ्यांनी घरातला दिवा कशावर जळतो ते पाहावे. देशातल्या विजेचा मोठा हिस्सा आजही औष्णिक आणि अणुवीज केंद्रांत पाण्याची वाफ करून, त्या वाफेवर टर्बाइन फिरवूनच तयार होतो. दाब, उष्णता आणि काम यांचे नाते पुस्तकात वाचणे वेगळे आणि गेजचा काटा चढताना झडप स्वतः उघडणे वेगळे. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी डोलणाऱ्या सिलिंडरचे एकच साधे इंजिन निवडावे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारे मिळतात, लेथवर काम करून देणारे टर्नर अजून आहेत. इंजिन आधी सायकलच्या पंपाच्या हवेवर फिरवून पाहावे. पहिला बॉयलर मात्र स्वतः करू नये. चाचणीचे प्रमाणपत्र असलेला विकत घ्यावा.