रंगाची परीक्षा समुद्रकाठी व्हावी

पणजीचा मांडवीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. झाकलेल्या पोलादाची ही गत, तर खाऱ्या वाऱ्यात उघड्या असलेल्या पोलादाची कथा काय? त्याची सारी भिस्त रंगाच्या लेपावर असते. हा लेप किती टिकेल, हे कशावरून ठरवावयाचे, हा आमचा प्रश्न आहे.

पुरावा म्हणून बहुधा मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीचा दाखला पुढे केला जातो. बंद पेटीत ३५ अंश सेल्सिअस तापमानात रंगविलेल्या पत्र्यावर ५ टक्के मिठाच्या पाण्याचे धुके अखंड सोडावयाचे आणि मुद्दाम काढलेल्या ओरखड्यापासून गंज किती पसरला ते मोजावयाचे, ही तिची रीत. निकृष्ट रंग निवडून बाजूला काढण्यास ती उपयोगी आहे. रंगाचे आयुष्य सांगण्यास नव्हे. पेटीत ऊन नसते, आलटून पालटून भिजणे-सुकणे नसते. आपल्याकडे पाऊस उघड्या बाजूचे मीठ धुऊन नेतो. तुळईच्या खालच्या अंगास मात्र ते साचतच राहते. जागेनेही फरक पडतो. अमेरिकेतील क्यूर बीच येथे समुद्रापासून सुमारे २५ मीटरवरचे पोलाद २५० मीटरवरच्यापेक्षा कित्येक पट वेगाने गंजलेले आढळले.

म्हणून आमची सूचना अशी की, बांधकाम खात्याने रंगविलेले पत्रे आपल्याच किनाऱ्यावर काही पावसाळे टांगून ठेवावेत, निष्कर्ष जाहीर करावेत आणि मगच रंग निवडावा. पूल नव्याने बांधण्यापेक्षा ही प्रतीक्षा खचितच स्वस्त पडेल.