पोटातला ठोका, पाळण्यातला श्वास

कळ येऊन ओसरली की प्रसूतीच्या खोलीत क्षणभर जी शांतता पसरते, तेवढ्या अवधीत जाणती परिचारिका वीतभर लांबीची, कर्ण्याच्या आकाराची एक नळी आसन्नप्रसवा स्त्रीच्या पोटावर टेकवते, नळीच्या चपट्या टोकाला कान लावून एक हात मोकळा सोडते, दुसऱ्या हाताने त्या स्त्रीची नाडी धरते, कारण आईचाच ठोका बाळाचा म्हणून मोजला जाण्याची भीती असते, आणि घड्याळावर दृष्टी लावून पुरे एक मिनिट निश्चल उभी राहते. 1821 साली पॅरिसमध्ये केर्गारादेक नावाचा वैद्य गर्भजलाची खळबळ ऐकू येते काय, हे त्या काळी नव्याच असलेल्या स्टेथोस्कोपने अजमावीत असता त्याच्या कानी घड्याळाच्या टिकटिकीसारखा जो जलद ध्वनी पडला, तोच हा ठोका. आणि नळी आहे ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आदोल्फ पिनार या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने रूढ केलेली.

कळ ओसरतानाच ऐकावयाचे याला सबळ कारण आहे. गर्भाशय आवळले की वारेकडे जाणारा रक्तप्रवाह काही काळ मंदावतो. सुदृढ बाळ तेवढा ताण सोसते, पण ज्याला प्राणवायू आधीच अपुरा पडत आहे त्याचे ठोके कळेबरोबर घसरतात आणि कळ गेल्यावरही लवकर पूर्वपदावर येत नाहीत. मिनिटाला 110 ते 160 हे सामान्य मान. कळांनी जोर धरल्यावर दर 15 ते 30 मिनिटांनी आणि आई जोर करू लागली की दर 5 मिनिटांनी ऐकून त्याची नोंद करावी, असा संकेत आहे.

1958 च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड हॉन यांनी हे ठोके विद्युत्‌यंत्राने अखंड टिपण्याची तजवीज केली, आणि पुढे पोटाला दोन पट्टे बांधून कागदावर आलेख काढणारे यंत्र ठिकठिकाणी आले. साधी नळी व हे यंत्र यांची तुलना झाली तेव्हा असे दिसले, की यंत्रामुळे नवजातांना येणारे झटके निम्म्याने कमी झाले, परंतु मृत्यू किंवा मेंदूचा कायमचा पक्षाघात यांत फरक आढळला नाही, आणि शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती मात्र वाढल्या. गर्भजल हिरवट झाले असेल, कळा वाढविण्यासाठी सलाइनमधून औषध चालू असेल, तर यंत्र अवश्य हवे. पण एरवी एका आसन्नप्रसवेपाशी एक परिचारिका ठेवण्यात जी हयगय होते ती यंत्राने भरून निघत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जन्मानंतर बाळ घरी येते आणि पाळत ठेवण्याचे काम घरच्यांवर येऊन पडते. या बाबतीत गडचिरोलीचा दाखला आपल्या घरचाच आहे. निरक्षर दायांना साठपर्यंत मोजता येत नसे, पण दहापर्यंत येई, हे ध्यानी घेऊन डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने एक लाकडी फळी तयार केली: तिच्यावर मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू सरण्यापूर्वी शेवटचा मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे! पुढे 1993 ते 1998 या काळात 39 गावांत केलेल्या प्रयोगात गावातल्याच शिकलेल्या स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजातांना तपासले, वजन केले, ऊब दिली, जंतुदोषावर औषध दिले. आणि अखेरच्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजातांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 2011 पासून आशाताई देशभर याच धर्तीवर घरभेटी देतात: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

मधल्या दिवसांत आईने व आजीने काय पाहावे? बाळ दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, अंग तापले किंवा पोट-पावले गार लागली, तर यांपैकी एकही गोष्ट क्षुल्लक मानू नये. श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना. झबले वर करून पोट किती वेळा उचलले जाते ते पुरे एक मिनिट मोजावे. साठ किंवा अधिक भरले तर पुन्हा एकदा मोजावे, आणि दुसऱ्यांदाही तितकेच भरले तर सकाळ होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी उबेत धरून, बाळाला दवाखान्यात न्यावे.