नोंदी जपणारे छोटे संगणक-जाळे

आमच्या शाळेच्या कार्यालयात येणारे अनेक माजी विद्यार्थी एकाच कामासाठी येतात. मुलाच्या किंवा नातवाच्या जात पडताळणीसाठी त्यांना जनरल रजिस्टरमधील आपल्या नोंदीचा उतारा हवा असतो. ज्यांच्या घरी कागद जपायला पेटीही नव्हती, त्यांच्यासाठी वहीतील ती एक ओळ फार मोलाची असते. म्हणूनच, गेल्या पावसाळ्यात विजेच्या झटक्याने कार्यालयातील एका संगणकाची हार्डडिस्क निकामी झाली आणि वसतिगृहाच्या दोन वर्षांच्या नोंदी गेल्या, तेव्हा आम्ही हादरलो. चूक आमचीच होती. त्या नोंदींची दुसरी प्रत आम्ही ठेवलीच नव्हती. त्यानंतर जी व्यवस्था उभी केली, ती अन्य संस्थांनाही उपयोगी पडावी, म्हणून येथे मांडीत आहोत.

पूर्वी पाच संगणक पाच बेटांसारखे होते. एकाच यादीच्या तीन निरनिराळ्या प्रती पेनड्राइव्हवरून फिरत आणि खरी कोणती हे कळत नसे. आता प्रत्येक संगणकापासून एक स्वतंत्र केबल मध्यवर्ती स्विचकडे जाते. त्यामुळे एखादी केबल तुटली तरी एकच संगणक थांबतो, बाकीचे काम चालू राहते. तांब्याची अशी केबल १०० मीटरपर्यंतच टाकावी आणि विजेच्या तारांपासून दूर ठेवावी. दोन इमारती जोडायच्या असतील, तर ऑप्टिकल फायबर वापरावे. काचेच्या तंतूतून विजेचा झटका वाहत नाही.

फाइल सर्व्हर म्हणजे सामाईक कपाटच. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आम्ही एका जुन्या संगणकात दोन नव्या डिस्क बसविल्या. लिनक्स ही कार्यप्रणाली आणि साम्बा हा प्रोग्रॅम, दोन्ही विनामूल्य मिळतात. साम्बामुळे विंडोजवर काम करणाऱ्या लिपिकाला सर्व्हरवरील फोल्डर आपल्याच संगणकात असल्यासारखे दिसते. सर्व्हरचा जाळ्यातील पत्ता मात्र कायम ठेवावा लागतो. तो बदलत राहिला, तर इतर संगणकांना सर्व्हर सापडत नाही. सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर ठेवले आहेत.

प्रत्येकाला स्वतंत्र नाव व पासवर्ड दिला आहे. हिशेबाचे फोल्डर लेखापालास, वसतिगृहाचे अधीक्षकांस उघडते. जनरल रजिस्टरची स्कॅन केलेली पाने कार्यालयातील सर्वांना पाहता येतात; त्यांत भर घालण्याचा अधिकार केवळ मुख्य लिपिकास आहे. एका पानाचे चांगले स्कॅन एक-दोन एमबीचे होते. म्हणजे २०० पानांचे रजिस्टर अर्ध्या जीबीहून कमी जागेत मावते. अर्थात, मूळ रजिस्टर हाच खरा दस्तऐवज होय. स्कॅनमुळे जीर्ण पाने वारंवार हाताळावी लागत नाहीत, एवढाच त्याचा हेतू.

दोन्ही डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी उमटतो. एक बिघडली तरी दुसरी काम चालविते. पण ही सुरक्षित प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून पुसली जाते आणि खंडणीखोर व्हायरस दोन्हींना कुलूप लावतो. यासाठी दर आठवड्यास एका बाह्य डिस्कवर प्रत घेऊन ती जाळ्यापासून सोडवितो आणि दुसऱ्या इमारतीतील कपाटात ठेवतो. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर त्या प्रतीतील एखादी फाइल उघडून पाहण्याचा नियम केला आहे. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. अप्रमाद, म्हणजे अखंड सावधपणा, ही तथागतांची शिकवण कार्यालयातही तितकीच लागू पडते.

गेलेल्या दोन वर्षांच्या नोंदी आम्ही जुन्या पावत्या व हजेरीपत्रकांवरून पुन्हा लिहीत आहोत. त्या काळात वसतिगृहात राहिलेल्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपल्याजवळील पावत्या, ओळखपत्रे यांच्या छायाप्रती कार्यालयात द्याव्यात, ही नम्र विनंती. एका मुलाचीही ओळ कोरी राहू नये, हीच इच्छा.

नमो बुद्धाय. जयभीम.