शनिवारी घाणा बंद!

वीकएंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? रविवारी अकरापर्यंत झोप, मेसची फीस्ट, बादलीभर कपडे आणि रात्री दहानंतर सोमवारच्या सबमिशनसाठी जर्नलची शोधाशोध. सुट्टी संपते, पण विश्रांती मिळाली असं काही वाटत नाही. ज्यू धर्मात मात्र सुट्टी हा धर्माचाच भाग आहे. त्यांच्यात 'शब्बातोन' नावाची निवासी शिबिरं भरतात. काही शिबिरं फक्त पुरुषांसाठी असतात. शुक्रवारी सूर्यास्ताआधी जमायचं, शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत एकत्र राहायचं आणि 'आपण माणूस म्हणून कुठे कमी पडतो' याचा विचार करायचा. मला या विषयाचं कुतूहल वाटलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की याची एक जुनी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच आहे, तीही चक्क तेलाच्या घाण्यावरची.

कोण हे शनिवार तेली?

कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल नावाचा मराठी बोलणारा ज्यू समाज शेकडो वर्षांपासून राहतो. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचेच हे वंशज. ते गावोगाव पसरले, गावांची नावं लावू लागले: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. जुन्या हिंदी सिनेमातले डेव्हिड आठवतात? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर!

यांचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा. हिंदू तेल्यांमध्ये सोमवारी घाणा बंद ठेवणारे 'सोमवार तेली' होते. हे शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावानेच यांचं नाव पाडलं 'शनिवार तेली'. गंमत बघा, एरवी माणसाला नाव पडतं तो काय काम करतो यावरून. यांना पडलं ते कोणत्या दिवशी काम करत नाहीत यावरून.

त्यांच्याकडे धर्मग्रंथ राहिले नव्हते, हिब्रू भाषा विसरली गेली होती, शिकवणारे धर्मगुरूही नव्हते. उरलं होतं थोडंच: मुलाची सुंता, 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द, खवले नसलेले मासे न खाणं आणि शनिवार. दावीद रहाबी नावाच्या ज्यू पाहुण्याने या खुणांवरूनच त्यांना ओळखलं, अशी त्यांची परंपरा सांगते. म्हणजे बाकी सगळं वाहून गेलं तरी आठवड्यातून एक दिवस घाणा बंद ठेवण्याच्या सवयीने त्यांची ओळख टिकवली.

आता हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का! समजा, आमच्या दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचा ऐन हंगाम चालू आहे आणि एखादा व्यापारी म्हणाला, "दर शनिवारी माझं दुकान बंद, भाव कितीही असो." लोक त्याला वेड्यात काढतील. हातावर पोट असलेल्या तेल्याने सातातला एक दिवस सोडायचा म्हणजे कमाईचा सातवा हिस्सा सोडायचा!

बैलालाही सुट्टी

शब्बाथची आज्ञा बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक आहे. तिच्यात एकट्या मालकाला सुट्टी नाही. मुलगा, मुलगी, नोकर, दासी, परका पाहुणा आणि गुरंढोरं, सगळ्यांना विश्रांती द्यायची. म्हणजे घाण्याभोवती सहा दिवस फिरणारा बैलही शनिवारी मोकळा. आपल्या खान्देशात अमावास्येला बरेच शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत आणि पोळ्याला त्याला पुरणपोळी भरवतात, त्यामुळे ही भाषा आपल्याला परकी वाटू नये.

'काम' कशाला म्हणायचं याची ज्यू पंडितांनी 39 प्रकारांची यादी केली आहे. नांगरणं, पेरणं, विणणं, लिहिणं, आग पेटवणं वगैरे. आपल्या ब्रँचसाठी खरी मजा पुढे आहे. वीज आल्यावर प्रश्न पडला, बटण दाबणं हे यातल्या कशात बसतं? बल्बची तार तापते म्हणजे आग पेटवली का? की सर्किट पूर्ण केलं म्हणजे 'बांधकाम' झालं? विसाव्या शतकात यावर पंडितांचे भरपूर वाद झाले. त्यातून टायमरवर चालणारे दिवे आले, बटण न दाबता मजल्यामजल्यावर आपोआप थांबणारी 'शब्बाथ लिफ्ट' आली. सगळेच ज्यू इतकं कडक पाळत नाहीत, पण शब्बातोनमध्ये बहुधा मोबाईल बंद असतो.

मग दिवसभर करतात काय?

शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लागतात, प्रार्थना होते, मग एकत्र जेवण आणि गाणी. दुसऱ्या दिवशी जोडी-जोडीने ग्रंथवाचन असतं. एकाने अर्थ सांगायचा, दुसऱ्याने शंका काढून त्याला भंडावून सोडायचं. या जोडीला 'हवरूता' म्हणतात. आपल्याकडे पीएलमध्ये रूम पार्टनरबरोबर चालतं तेच, फक्त परीक्षेची भीती वजा.

आत्मपरीक्षणासाठी काही ठिकाणी 'मुसार' ही पद्धत वापरतात. एकोणिसाव्या शतकात लिथुआनियातल्या रब्बी इस्राएल सालांतर यांनी तिची चळवळ उभी केली. त्याआधी 1808 मध्ये मेंडेल लेफिन यांचं एक हिब्रू पुस्तक आलं होतं. त्यात 13 गुण घ्यायचे, प्रत्येक गुणावर एक आठवडा लक्ष द्यायचं आणि रोज रात्री तक्त्यात आपल्या चुका मांडायच्या, अशी योजना आहे. 13 आठवड्यांची फेरी वर्षातून चार वेळा, म्हणजे बरोबर 52 आठवडे! ही कल्पना लेफिन यांनी कोणाकडून घेतली? पतंगाच्या प्रयोगावाल्या बेंजामिन फ्रँकलिनकडून. विजेच्या माणसाचा तक्ता असा धर्मकार्याला लागला.

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यनेत जवळपास पूर्ण वेळ मौन असतं. इथे उलट आहे, बोलायचं, गायचं, जेवायचं, तेही सगळ्यांबरोबर. परंपरेप्रमाणे सामूहिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष लागतात. नऊ जमले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत.

दहा माणसं कुठून आणायची?

आणि इथेच आपल्या बेने इस्राएलांची अडचण आहे. 1948 मध्ये इस्राएल देश झाला आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. 2011 च्या जनगणनेत सगळ्या भारतात ज्यू होते साधारण साडेचार हजार. मुंबईत 1796 साली स्थापन झालेलं त्यांचं पहिलं सिनेगॉग अजून आहे. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत, आणि मध्य रेल्वेच्या मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. पण कोकणातल्या छोट्या गावांत दहाचा आकडा जमवणं आता अवघड झालंय. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसं येतात तेव्हा दिवे लागतात. पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा 'मलिदा' करून एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं स्मरण होतं. शहरात विखुरलेल्यांना एकत्र आणणारा एखादा शब्बाथ म्हणूनच त्यांना मोलाचा वाटतो. दहावा माणूस आला नाही, तर बाकीच्या नऊ जणांचंही अडतं.

आपल्या हॉस्टेलवर माणसांची टंचाई नाही. एका मजल्यावर चाळीस जण असतात, पण रविवारी चाळीसही जण आपापल्या स्क्रीनमध्ये! शनिवार तेल्याचा धर्म आपण घ्यायची गरज नाही. येत्या रविवारी संध्याकाळी दोन तास मोबाईल कपाटात ठेवायचे आणि दहा जणांनी गच्चीवर बसायचं, एवढं करून बघू. कोणकोण येतंय ते मेसच्या फळ्यावर लिहा. नऊच नावं झाली तर दहावा मी.